कस्तुरीसाठी आण्णांची हाक

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गवळी गल्ली, कोल्हापूर
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

चि. शांभवीस आज्जीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन गल्लीतनं वरडत आला की दानम्माबाई, पुण्यासनं प्रेमपत्र आलंय. म्हणलं द्या हिकडं, ह्या वयात तेवढंच ऱ्हायलं हुतं. आधी तुझ्या आईकडनं वाचून घेतलं, मग एकटीच बसून बोट फिरवत मी वाचलं. तुझी आई लई भराभर वाचती, चव लागत न्हाय.

फोनपरीस लिवत जा म्हणलीस ते बेस झालं. फोन लागला की तुझी आई इस्पीकर टाकती, तुझा बाप मधीच खोकतो, शेजारच्या दोघी दारात हुभ्या. मनातलं काय बोलायचं, कप्पाळ? कागदाला कान न्हाईत. मी तिसरीतनं शाळा सोडली, अक्षर म्हशीनं पाय दिल्यागत हाय, तवा सांभाळून घे. आणि तू मी आलो, मी गेलो म्हणलीस की पुण्यातल्या पोरी हसत्यात म्हणं. हसू देत. कोल्हापूरची बाई आले-गेले म्हणाय लागली की मला ती आजारी हाय का काय असं वाटतं.

आता बातमी. आपली कस्तुरी पान्हवली!

तुला ठावं हाय, तुझ्या आज्जाला, आण्णांना, आपल्या लिंगायत रीतीनं बसवून माती दिली त्या दिवसापासनं तिनं पान्हा चोरला हुता. तुझ्या बापानं बादली लावली की पाय झाडायची. मी गेलो की मान फिरवायची. रेडकू सोडून बगितलं, गूळ घातला, काय न्हाय. तुझा बाप, मल्लू, म्हणला पान्हा सोडायची सुई देतो. मी म्हणलं, ह्या गोठ्यात आण्णांनी कवा सुई आणू दिली न्हाय. तर म्हणला, मग दिवाळीच्या पाडव्यानंतर बाजार दाखवायचा, आई, गोठा म्हंजे मठ न्हवं. त्याचं बी खोटं न्हाय. दूध कट्ट्यावर गिऱ्हाईक धारोष्ण दुधाला पेला घेऊन हुभं ऱ्हातंय, त्याला काय सांगायचं, म्हस दुखात हाय?

परवा तुझी आई आंबोणाच्या पाटीला मोबाइल टेकवून गेल्या पाडव्याचा व्हिडिओ बघत हुती. त्यात गाडीमागं म्हशी पळवाय लागल्यात, आण्णा गाडीवर मागं बसल्यात, फटफटीचा कान फुटंल असा आवाज, आन् त्यातनं त्यांची हाक, कस्तुरेऽऽ, चल गं माझी राणी. शांभवी, म्हशीनं कान टवकारलं. मुंडी वर केली. आन् सडातनं दूध आपसूक गळाय लागलं! मी पळत जाऊन बादली लावली. दोन वर्सं ज्या डबड्याला शिव्या घातल्या, त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सारी गल्ली बघाय आली. तुझी आई तर रडत रडत त्याचा बी व्हिडिओ काढत हुती. काय बाई म्हणायची का काय!

एकच अडचण. हाक म्हंजे चिमटीएवढी. फुडं तुझी आई हसल्याली आन् गाडीची फटफट. बादली अर्धी हुतीया आन् हाक संपती, परत लावली की म्हस तवर आवळून घेती. तू त्या कंप्युटरात एवढं शिकलीयास, तर तेवढी हाक लांबवता येती का बघ.

वेळच्या वेळी जेव. बाहेरचं दूध पिऊ नको, त्यात काय असतंय ते मला इचार. माया अशीच दाट असू दे, पाणी घालू नको.

तुझी आज्जी

*

पुणे
१६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आज्जीस शांभवीचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात नेऊन वाचलं. भाकरतुकड्याच्या ओळीला मी इतकी हसले की शेजारी बसणाऱ्या अनुजाने कागद ओढून घेतला. (हसले लिहिलंय, हसलो नाही. माफ कर, पुण्याची हवा.)

हाक लांबवता येते, आज्जी. त्याहून जास्त येतं. सोपं करून सांगते. एखाद्या माणसाचा थोडासा आवाज मिळाला, की हल्लीचं सॉफ्टवेअर त्या आवाजाचं वळण शिकतं. मग आपण जे लिहून देऊ ते त्या आवाजात बोलून दाखवतं. माणूस तसं कधी बोललेला असो वा नसो. आई रील टाकते त्या पेजवरचे आण्णांचे सगळे व्हिडिओ उतरवून घेतले, फटफटीचा आवाज गाळला आणि कस्तुरीसाठी एक लांबलचक हाक तयार केली. चल गं, ये गं, उभी राहा गं माझी राणी, असं सगळं. बादली भरेपर्यंत पुरेल.

खरं सांगायचं तर हे करताना मला बरं वाटत होतं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर कानात आण्णा. ते गेल्यापासून मला नीट रडताही आलेलं नाही. माती देऊन परत आले ती थेट कामाला बसले. आता चार दिवस त्यांच्या आवाजाची दुरुस्ती करत होते, इथे जरा खरखर वाढव, तिथे श्वास लांबव. बोलताना मधेच घोट गिळायची त्यांची सवय होती ना, ती जमेना. जमली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच.

मग राहवलं नाही म्हणून तुझ्यासाठीही दोन ओळी केल्या. आईच्या फोनवर पाठवल्या आहेत. अनुजा म्हणते की म्हशीपुरतं ठीक होतं, आज्जीला सवय लावू नकोस. मला कळत नाही तिचं बरोबर की माझं. तुला नको वाटलं तर आईला सांग, ती काढून टाकेल.

दसऱ्याला येता येत नाही, दिवाळीचंही कठीण दिसतंय, नवीन काम अंगावर आलंय. रागावू नकोस. पाठीवर तुझा हात आहे असं धरूनच चालले आहे, तो काढू नकोस.

तुझी
शांभवी

*

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गवळी गल्ली, कोल्हापूर
बुधवार, २४ सप्टेंबर २०२५

चि. शांभवीस आज्जीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

अगं पोरी, काय केलंस हे!

दुपारी जेवून सुपारी कातरत बसलो हुतो. तुझी आई आली, म्हणली आत्याबाई, डोळं झाका. म्हणलं आता आणि काय रील हाय? तर त्या फोनातनं आण्णा म्हणलं, दानम्मा, जेवलीस का? गुडघ्याला तेल लाव.

शांभवी, मी पदर डोक्यावर घेतला. खरंच घेतला. तुझी आई फिदीफिदी हसली, तिला म्हणलं हस भवाने.

तुला कळायचं न्हाय म्हणून सांगतो. पन्नास वर्सांवर संसार झाला, त्यांनी मला नावानं हाक मारली न्हाय. आमच्यात पद्धतच न्हवती. आगं ए, न्हाईतर मल्लूची आई. मल्लू व्हायच्या आधी तर नुसतं खाकरायचं. एक खाकरा म्हंजे पाणी, दोन म्हंजे जेवाण, आन् लांब खाकरला की पावणं आल्यात. लग्नात बायकांनी दार आडवलं तवा तेवढं एकदा नाव घेतलं हुतं, ते बी दातात सुपारी धरल्यागत. आन् आता त्यांच्या तोंडातनं स्वच्छ, दानम्मा! तुला काय ठावं असणार, तू आपलं लिवून टाकलंस. पर मला तर नवी नवरी झाल्यागत झालं. तुझ्या आईच्या जुन्या मोबाइलवर घालून घेतलंय. रोज जेवणानंतर ऐकतो. लोकं पान खात्यात, मी ह्ये ऐकतो.

कस्तुरीची बी बादली भरती आता. लांब हाक चांगली चालली. एवढंच, की धार झाली तरी ती दाराकडं तोंड करून हुभी ऱ्हाती. आंबोण वास घेऊन सोडती. हुईल सवय.

तुझ्या आईच्या पेजवर आपला व्हिडिओ लाखभर लोकांनी बगितला म्हणं. मला एवढं आकडं कळत न्हाईत, आपल्या जोतिबाच्या यात्रेएवढं म्हणली. तिच्याकडनं कोण काय म्हणतंय ते वाचून घेतो. लई जण रडल्यात. जेवल्यावर रिकामी असत्यात वाटतं. बार्शीचा कोण एक म्हणतोय हे समदं जोडून-तोडून केलंय, खोटं हाय. त्याला लिवाय लावलं, पावणं, या की गोठ्यात, शेण काढायला बी माणूस पायजे. पर कुरुंदवाडची एक बाई हाय, तिचं मनात सलतंय. तिनं लिवलं, आज्जी, ह्यो मोबाइल म्हंजे पेंढा भरल्यालं रेडकू. तुला दाखवलं न्हाय आमी कवा. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीफुडं हुभं करत्यात. ती चाटत बसती आन् दूध देती. आण्णांनी आपल्यात ते कवा होऊ दिलं न्हाय. मला त्या बाईचा राग आला. तरी तिची ओळ तुझ्या आईकडनं दोनदा वाचून घेतली.

आता एक काम हाय, तुझ्या बापाला कळू देऊ नको. मल्लू अजून बाजाराचंच काढतोय. परवा एक दलाल येऊन दात बघून गेला. मल्लू म्हणतोय, मोबाइल लावून कुठवर धार काढायची, एक दिवस चार्जिंग संपलं की म्हस बी संपली. माझं तो ऐकत न्हाय. बापाचं ऐकायचा. तर तू तेवढं आण्णांच्या आवाजात करून दे, मल्लू, कस्तुरी इकायची न्हाय, माझी आण हाय. पाडव्याच्या आत दे. त्यांनी हातनं वाढवल्याली म्हस हाय, शांभवी. आजारात बी काठी टेकत तिच्यापतूर जायचं. ती दावणीवरनं सुटली की गोठ्यात त्यांचं काय ऱ्हातंय?

करशील की. तेवढा जीव हाय तुझा माझ्यावर, तो आटू देऊ नको.

तुझी आज्जी

*

पुणे
५ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. आज्जीस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या खाकऱ्याचा हिशेब वाचून आधी हसले आणि मग तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. आण्णा तुला नावाने हाक मारत नसत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लहानपणापासून त्या घरात वाढले, रोज ऐकलं, तरी कधी ऐकलं नाही. म्हणजे तुला जे इतकं आवडलं ते आण्णांचं नव्हतंच, माझी चूक होती. हे लिहावं की नाही, विचार करत होते. पण तुझ्याशी आडपडदा ठेवता येत नाही.

तू सांगितलेलं वाक्य केलं आहे. दोन मिनिटांचंही काम नव्हतं, त्याचीच भीती वाटली. कस्तुरीची हाक करायला चार दिवस गेले होते, कारण ती आण्णांची होती आणि ती मला आण्णांसारखी हवी होती. हे वाक्य मी लिहिलं आणि ते लगेच बोललं. माझी आण आहे म्हणालं. घोट घेतला आणि म्हणालं. एकदाच ऐकलं आणि लॅपटॉप मिटला.

रागावणार नसलीस तर एक विचारते. आण्णा खरंच असं म्हणाले असते का? मला आपली हरणी म्हैस आठवते. ती आटली तेव्हा मी चौथीत होते, तिच्या गळ्यात पडून रडले होते. आण्णांनी तिला पुरणपोळी चारली, कपाळाला विभूती लावली आणि स्वतः बाजारात नेली. परत आल्यावर पायावर पाणी घेतलं आणि मला म्हणाले, बाळ, दावण दूध देणारीची असती. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं मी म्हणत नाही. पण नेली होती.

तुझी म्हैस, तुझं घर, तुझा मुलगा. मी लांब बसलेली आहे, मला काय कळणार. वाक्य आईच्या फोनवर पाठवलं आहे. लावायचं की नाही ते तू ठरव. मी काहीही म्हणणार नाही, आणि तू काहीही केलंस तरी माझं तुझ्यावरचं प्रेम तसूभर हलणार नाही. तुझंही हलू देऊ नकोस.

तुझी
शांभवी

*

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गवळी गल्ली, कोल्हापूर
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

चि. शांभवीस आज्जीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तवा मला राग आला. पत्र डब्यात ठेवून दिलं. म्हणलं चार बुकं शिकली आन् आज्जीला हरणीचं सांगाय लागली. फराळाला लागलो. चकल्या मोडाय लागल्या तवा तुझ्या आईनं वळखलं की आत्याबाईंचं काय तर बिनसलंय.

पाडव्याला सकाळी गल्ली भरली हुती. फटफट्यांचं सायलेन्सर काढल्यालं, पोरं म्हशी पळवायच्या तयारीत. मल्लू आपल्या दारात म्हशींची शिंगं रंगवत हुता. एकीला मोरपिसं, एकीला कवड्यांची माळ. कस्तुरीला मात्र आतच बांधल्याली. दलाल दुसऱ्या दिवशी येणार हुता. मी तुझ्या आईला म्हणलं, लाव ते. ती म्हणली आत्याबाई, आज नगं. म्हणलं, लाव.

आण्णांचा आवाज आला, मल्लू, कस्तुरी इकायची न्हाय, माझी आण हाय.

शांभवी, तुझा बाप हुभा ऱ्हायला. उकिडवा बसला हुता तो ताडकन उठला. डोक्यावरची टोपी काढली, हातात तसाच रंगाचा ब्रश, खाली मान घालून म्हणला, व्हय आण्णा. त्याला ठावं हाय की हे फोनमधलं हाय, तूच केल्यालं हाय. तरी उठला. आन् आतनं कस्तुरीनं दावं ताणलं. मान लांब करून गल्लीकडं बघत वरडली, अशी वरडली की बाहेरच्या म्हशी थांबल्या. दोघं बी एकाच बाजूला बघत हुती. तिथं कोण न्हवतं. रंगाचं थेंब त्याच्या पायावर गळत हुतं.

पन्नाशीला आल्याला माझा ल्योक मी एका डबड्याफुडं हुभा केला हुता. मेल्या माणसाच्या तोंडात माझा घास घालून.

मी दारातली पायरी उतरलो. म्हणलं, मल्लू, ते आण्णा न्हाईत बोलल्यालं. मी बोलल्यालं हाय. पोरीकडनं मीच करून घेतलं. आण्णा असतं तर त्यांनी इकली असती. हरणी इकली, तशीच इकली असती. पुरणपोळी चारून इकली असती आन् पायावर पाणी घेतलं असतं. त्यांची रीतच ती. पर मी इकू देणार न्हाय. ह्ये माझं म्हणणं हाय, दानम्माचं. तुला पटो न पटो.

मला वाटलं आता चारचौघांत वरडतोय. पर त्यानं टोपी घातली आन् म्हणला, मग तसं म्हण की, आई. त्याला मोबाइल कशाला पायजे? आन् आत जाऊन कस्तुरीची शिंगं रंगवाय लागला. लाल रंग संपला हुता, एक शिंग लाल आन् एक भगवं झालं. पळवली न्हाय तिला, नुसतं दारात हुभी केली. लोकं म्हणली ह्यो काय नवीन परकार? तुझा बाप म्हणला, ही आईची म्हस हाय, तिला इचारा.

दलालाला सांगावा धाडला की येऊ नको.

आता तुला सांगतो. ते आणंचं वाक्य पुसून टाक. लांब हाक बी पुस. म्हस त्या आवाजावर दूध देती खरं, पर खाणं सोडाय लागली हुती, ते मी तुला लिवलंच न्हाय नीट. पयला तेवढा पाडव्याचा व्हिडिओ ऱ्हाऊ दे. त्यात गाडी फटफटती, तुझी आई हसती, पर ते आण्णांनी खरं म्हणल्यालं हाय.

ऱ्हायलं माझं. मी ते ऐकणं बंद केलंय. पुसाय माझं बोट वळत न्हाय, तिथंनं तूच पुस, आन् पुसल्यावर मला कळवू नको. तुझी चूक झाली म्हणलीस, त्याचं मनाला लावून घेऊ नको. मला जेवलीस का म्हणून इचारणारी तूच हुतीस, ते मला पोचलं. फुडच्या पत्रात तूच इचार. आन् पोरी, कानात घालून त्यांना रोज बोलाय लावू नको. एक दिवस सुट्टी काढून ये. माती दिली तिथं मी तुला घेऊन जातो. तिथं बसून रडू दोघी, मग दोघी मिळून म्हसोबाच्या माळापतूर चालत जाऊ, बाकीचं चालता चालता बोलू.

दूध आटलंय, खोटं कशाला सांगू. काल पेलाभर, आज तेवढं बी न्हाय. पर धारेला आता मीच बसतो. गुडघं कुरकुरत्यात, बसतो. आज सकाळी माझ्याच घोगऱ्या आवाजात हाक मारली, कस्तुरे म्हणून. पान्हा सोडला न्हाय तिनं. पाय बी झाडला न्हाय. मान वळवून माझ्याकडं बगितलं तेवढं.

पत्राची वाट बघतो. मन लांब जाऊ देऊ नको.

तुझी आज्जी
दानम्मा